शर्मिष्ठेची विहीर, आनंदीबाईंचा वाडा

गोदावरीकाठच्या कोपरगावात, बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, शुक्राचार्यांचे देऊळ आहे. दैत्यांच्या गुरूचे देऊळ ही आपल्याकडे विरळाच गोष्ट. जवळच कचेश्वर आहे. संजीवनी विद्या शिकायला आलेला बृहस्पतीचा मुलगा कच इथेच राहिला, इथेच देवयानी त्याच्यावर भाळली, अशी स्थानिक परंपरा सांगते. शुक्राचा अस्त असताना लग्ने करू नयेत असा पंचांगाचा दंडक; पण शुक्राच्याच दारात शुक्राचा अस्त कुठला, म्हणून ह्या ठिकाणी मुहूर्त न पाहता लग्न लावता येते अशी श्रद्धा आहे. ज्या बापाच्या मुलीचे लग्न महाभारतात इतके विस्कटले, त्याच्याच दारात निर्धास्तपणे अक्षता टाकाव्यात, ह्यातली गंमत वऱ्हाडींच्या ध्यानात येत नसावी. येऊही नये.

त्याच कोपरगावात राघोबादादांचा वाडा आहे. रघुनाथराव पेशवे आयुष्याच्या अखेरीस इथे राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी ह्याच परिसरात वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई त्यानंतरही बरीच वर्षे इथेच होत्या, आणि स्वतःच्या इच्छेने नव्हत्या. इंग्रजी अमदानीत ह्या वाड्यात सरकारी कचेऱ्या भरत. जवळच्या हिंगणीलाही दादांचे बांधकाम आहे. गावात विचाराल तर शुक्राचार्यांची वाट कोणीही दाखवील. आनंदीबाईंचे नाव काढले की मात्र ऐकणाऱ्याच्या तोंडून वाट निघण्याआधी ‘ध चा मा’ निघतो.

एकाच गावाच्या वाट्याला आलेल्या ह्या दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात असे आम्हांला बऱ्याच दिवसांपासून वाटत होते. दोन्ही कथांत एका घरात वावरणाऱ्या दोन तरुण बायका आहेत. दोन्हींत मुले जन्माला येतात आणि जीवघेणे काहीतरी घडते. आणि दोन्हींत एका शब्दाच्या अर्थावर सगळे अडून राहते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये आणि ‘विद्याहरण’ १९१३ मध्ये रंगभूमीवर आणले. पहिले आनंदीबाईंच्या वाड्याचे नाटक, दुसरे शुक्राचार्यांच्या आश्रमाचे. खाडिलकरांनी कोपरगाव डोळ्यांपुढे ठेवून ही नाटके लिहिली असा दावा आम्ही करणार नाही. पण चार वर्षांच्या अंतराने एकाच नाटककाराला हे दोन्ही विषय हाताशी घ्यावेसे वाटले, एवढी नोंद करायला हरकत नाही.

आधी पुराणातल्या दोघी. देवयानी शुक्राचार्यांची मुलगी, शर्मिष्ठा दैत्यराज वृषपर्व्याची. एक गुरुकन्या, एक राजकन्या. वय सारखे, खेळ सारखे, दोघींनाही आईचा उल्लेख जवळपास नाही. आदिपर्वातले भांडण सर्वांना ठाऊक आहे. मुली पाण्यात उतरतात, काठावरची वस्त्रे वाऱ्याने एकमेकांत मिसळतात, शर्मिष्ठा चुकून देवयानीचे वस्त्र नेसते. देवयानी जातीवर येते, शर्मिष्ठा मिळकतीवर. तुझा बाप माझ्या बापाची स्तुती करून पोट भरतो, असे ती मैत्रिणीला ऐकवते आणि गवताने झाकलेल्या विहिरीत तिला ढकलून, ती मेली असे समजून, घरी निघून जाते. वर्गात हा भाग शिकवताना विद्यार्थी हसतात, वस्त्रांवरून एवढे? हसू ओसरल्यावर त्यांना सांगावे लागते की भांडण वस्त्रांचे नव्हतेच. ज्या घराच्या आश्रयाने आपण राहतो त्या घरातली मुलगी आपली मैत्रीण असू शकते का, हा प्रश्न त्या दोघींमध्ये आधीपासून होता. वारा निमित्ताला आला.

पुढे ययाती देवयानीला उजव्या हाताला धरून विहिरीबाहेर काढतो. देवयानी सूड मागते तो असा की शर्मिष्ठेने हजार दासींसह आपली दासी व्हावे. कुळाच्या भल्यासाठी शर्मिष्ठा ते मान्य करते आणि देवयानीच्या लग्नानंतर तिच्यामागून ययातीच्या नगरात येते. इथपर्यंतचे कथानक नाटकांनी, कादंबऱ्यांनी, चित्रकारांनी पुष्कळ वापरले आहे. आम्हांला जास्त बोलका वाटतो तो त्यानंतरचा एक लहान प्रसंग, ज्याच्याकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही.

देवयानीला मुलगा झालेला आहे. काही काळाने अशोकवनाजवळ राहणाऱ्या शर्मिष्ठेलाही मुलगा होतो. देवयानी अस्वस्थ होऊन तिला विचारते, हे काय केलेस? शर्मिष्ठा सांगते, एक धर्मात्मा ऋषी आला होता, त्याच्यापासून मला हे मूल झाले. देवयानी म्हणते, तसे असेल तर माझा राग नाही. आणि मग महाभारतकार सांगतात की दोघी एकमेकींशी बोलल्या, हसल्या आणि देवयानी ते खरे मानून घरी गेली. वस्त्रांच्या भांडणानंतर ह्या दोघी एकत्र हसताना आपल्याला दिसतात त्या एवढ्याच. एकीच्या घरी बाळ, दुसरीच्याही घरी बाळ. मालकीण आणि दासी हे नाते क्षणभर बाजूला पडलेले. त्या हसण्याच्या मुळाशी एक खोटे आहे, पण हसणे खोटे होते असे मानायला आम्ही तयार नाही.

मग एके दिवशी देवयानी ययातीबरोबर वनात जाते आणि तिला तीन मुले खेळताना दिसतात, द्रुह्यू, अनू आणि पुरू. रूप राजासारखे. ती विचारते, बाळांनो, तुमचा बाप कोण? मुले बोट दाखवतात ते ययातीकडे, आणि धावत त्याच्याकडे जातात. देवयानी समोर असल्याने राजा त्यांना जवळ घेत नाही. मुले रडत आईकडे परततात. ह्या ठिकाणी शर्मिष्ठेचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. मी ऋषी म्हटले ते खरेच होते, असे ती म्हणते. राजा राजर्षी असतो. एका शब्दाच्या दोन अर्थांच्या फटीत तिने तीन बाळंतपणे निभावून नेली होती. पुढचे सर्वज्ञात आहे: शुक्राचार्यांचा शाप, ययातीचे अकाली वार्धक्य, पुरूने दिलेले तारुण्य आणि शेवटी राज्य दासीच्या धाकट्या मुलाला. देवयानीचे यदू आणि तुर्वसू बाजूला पडले. दोन मैत्रिणींचे भांडण विहिरीपाशी सुरू झाले आणि गादी कोणाच्या मुलाला ह्या प्रश्नापाशी मिटले. मिटले म्हणजे दोन वंश झाले.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’त (१९५९) देवयानी आणि शर्मिष्ठा दोघींनाही ‘मी’ म्हणून बोलायला मिळते, हे त्या कादंबरीचे मोठेच श्रेय. साहित्य अकादमी आणि पुढे ज्ञानपीठ मिळाल्यावर ती इतकी वाचली गेली की मराठी घरांत शर्मिष्ठेबद्दल जो जिव्हाळा आहे तो व्यासांपेक्षा खांडेकरांचा अधिक आहे. शिरवाडकरांनी ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) लिहिताना देवयानीच्या मानी स्वभावाला पुन्हा भारदस्तपणा दिला. तात्पर्य, विहिरीत पडलेली आणि विहिरीत ढकलणारी अशा दोघींनाही मराठी साहित्याने आवाज दिला. शनिवारवाड्यातल्या बायकांच्या बाबतीत ही उदारता दिसत नाही.

शनिवारवाड्याकडे वळताना नातेसंबंध एकदा स्पष्ट करून घेऊ, कारण ‘काका’ ह्या शब्दाने सगळे झाकून टाकले आहे. नानासाहेब पेशव्यांचे धाकटे भाऊ रघुनाथराव. नानासाहेब आणि गोपिकाबाई ह्यांचे मुलगे विश्वासराव, माधवराव, नारायणराव. विश्वासराव पानिपतावर गेले, माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने वारले, आणि सतरा वर्षांचे नारायणराव पेशवे झाले. त्यांची पत्नी गंगाबाई. रघुनाथरावांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, कोकणातल्या ओकांच्या. म्हणजे आनंदीबाई गंगाबाईंच्या चुलत सासू. पण लहानपणीच लग्न होऊन आलेल्या, वयाने तिशीच्या आतबाहेर. ‘भाऊबंदकी’ पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात एक पोक्त, करारी, पाताळयंत्री बाई उभी राहते. त्या वेळच्या वाड्यात मात्र होती ती एक तरुण स्त्री, जिच्या नवऱ्याला १७६८ मध्ये धोडपच्या लढाईनंतर पुतण्याने कैदेत टाकले होते आणि जिच्या पोटी जगलेला मुलगा नव्हता. रघुनाथरावांनी अमृतरावांना दत्तक घेतले होते ते ह्याच कारणाने.

एकाच वाड्यात तुरुंग आणि संसार दोन्ही चालत होते, ह्याची कल्पना आज करणे अवघड आहे. सणवार, हळदीकुंकू, देवघर सर्व एक. आणि एका चौकात पहारा. ज्यांच्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत देवाणघेवाण होते अशा बायकांत सख्य निर्माण होणे ही नेहमीची गोष्ट आहे, पण दप्तराला सख्य नोंदवायची सवय नाही. दप्तर वैर नोंदवते, खर्च नोंदवते आणि जन्ममृत्यू नोंदवते. आम्ही पुढे जे मांडणार आहोत त्याला ह्या तिसऱ्या प्रकारच्या नोंदींचा आधार आहे.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपदातले गणपतीचे दिवस. पगार थकल्याच्या निमित्ताने गारदी वाड्यात शिरले. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि त्यांच्याबरोबर तुळाजी पवार. नारायणराव धावत काकांकडे गेले, त्यांच्या कमरेला मिठी मारली, आणि चाफाजी टिळेकरासारखे निष्ठावंत सेवक अंगावर पडूनही मारले गेले. अठरा वर्षांचा पेशवा त्याच्या काकांच्या डोळ्यांदेखत संपला. ह्या प्रसंगावर आणखी लिहायची गरज नाही. मराठी माणसाला तो पाठ आहे.

पाठ असलेल्या ह्या प्रसंगाला जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे ‘ध’चा ‘मा’. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, गारद्यांना दिलेला कागद मिळवला, रघुनाथरावांना विचारले; त्यांनी आपण फक्त पकडायला सांगितले होते असे म्हटले; आणि कागद पाहता ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले आढळले. हा बदल आनंदीबाईंनी केला असे सर्वत्र मानले जाते, असे ग्रँट डफ आपल्या इतिहासात सांगतो. डफचा ग्रंथ १८२६ चा. खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी छापलेला. तो मूळ कागद इतिहासकारांच्या हाती कधीच आलेला नाही. आणि डफनेही हात कोणाचा ते पुरावा म्हणून नव्हे, लोकमत म्हणून दिले आहे. पण भाषेला पुराव्याची वाट पाहायची नसते. आज एखाद्या कारकुनाने अर्जातले अक्षर फिरवले तरी आपण त्याने ध चा मा केला म्हणतो. मराठीत वाक्प्रचार होऊन बसलेला हा कदाचित एकमेव फौजदारी निकाल असावा, आणि त्याच्यावर अपील नाही.

आम्हांला आनंदीबाईंचे वकीलपत्र घ्यायचे नाही. नवरा सुटावा, गादी मिळावी ही इच्छा त्यांना होती ह्यात शंका घेण्याचे कारण नाही, आणि कटाची माहिती त्यांना नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण गोष्टीची रचना पाहा. कागद रघुनाथरावांचा. सुटका रघुनाथरावांची. वस्त्रे मिळाली ती रघुनाथरावांना. त्यांच्या डोळ्यांसमोर खून झाला आणि त्यांनी गारद्यांना अडवल्याचे कोणी सांगत नाही. तरीही ‘खुनी’ हे पद एका अक्षरामुळे त्यांच्या अंगावरून सरकून पत्नीच्या अंगावर जाते, आणि अटकेपार गेलेले दादा भोळे, हलक्या कानाचे, बायकोच्या मुठीतले ठरून सुटतात. पराक्रमी पुरुष सांभाळून ठेवायची ही पद्धत जुनी आहे. कैकेयीपासून आपण ती ओळखतो.

खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’त हीच रचना अतिशय ताकदीने उभी केली. सुरतेची काँग्रेस १९०७ मध्ये फुटली होती, दोन वर्षांनी हे नाटक आले. भाऊबंदांच्या फुटीतून परक्याला दार उघडते हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागले नसेल. रघुनाथराव १७७५ मध्ये इंग्रजांकडे आश्रयाला गेले तेही सुरतेलाच. आनंदीबाईची भूमिका त्या काळी पुरुष नटच करीत. म्हणजे पुरुषाने लिहिलेली, पुरुषाने वठवलेली आणि बहुतांशी पुरुषांनी पाहिलेली ही स्त्री. आम्ही इतिहासातल्या आनंदीबाईंना ‘त्या’ म्हणतो आणि नाटकातल्या आनंदीबाईला ‘ती’ म्हणतो, ते केवळ आदरार्थी वचनाच्या सोयीसाठी नाही. त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि ‘ती’ने ‘त्यां’ना गिळून टाकले आहे. नाटकात गंगाबाई आहे, पण मुख्यतः दुःख म्हणून. तिच्या पोटात काय वाढत होते त्याने मराठी राज्याची पुढची नऊ वर्षे ठरवली, ही गोष्ट रंगभूमीवर मावत नाही.

कारण खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. ही गोष्ट पुढे आली आणि पुण्याच्या मुत्सद्द्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्र्यंबकराव पेठे आदींनी एकत्र येऊन जे कारस्थान रचले ते बारभाईंचे. त्याचा पाया अगदी शब्दशः एक गर्भ होता. जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलवण्यात आले. त्यांच्यासोबत पार्वतीबाई गेल्या. ह्या पार्वतीबाई सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. पानिपतानंतर नवरा मेला असे त्यांनी कधीच मान्य केले नाही, कुंकू पुसले नाही, आणि तेरा वर्षे परतीची वाट पाहत वाड्यात राहिल्या. अशा स्त्रीने, मूल होऊ घातलेल्या आणि नवरा डोळ्यांआड कापला गेलेल्या सुनेला घेऊन गड चढावा, ह्यात आम्हांला पेशवाईतल्या सगळ्या तहनाम्यांपेक्षा जास्त माणुसकी दिसते. सख्य शोधायचेच असेल तर ते इथे आहे. नाटककारांनी ह्या दोघींचा प्रवेश लिहायला हवा होता.

मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला रघुनाथरावांनी पेठ्यांचा पराभव केला. पेठे त्यात गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी सवाई माधवराव पेशवे झाले. पाळण्यातल्या मुलाच्या नावाने राज्य सुरू झाले आणि रघुनाथरावांच्या पक्षाने हे मूल गंगाबाईंचे नव्हेच, असा डांगोरा पिटला. मुलगी झाली तर बदलायला म्हणून गडावर इतर गरोदर बायका नेल्या होत्या, ही अफवा डफपर्यंत पोहोचली आहे. बाळंतिणीच्या खोलीबाहेर असा पहारा आणि आत अशी संशयाची नजर, हे कोणत्याही आईच्या वाट्याला येऊ नये.

आणि नेमके हेच आनंदीबाईंच्याही वाट्याला आले; फक्त गड वेगळा. रघुनाथराव उत्तरेकडे पळाले तेव्हा आनंदीबाईंना दिवस गेले होते. त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवून ते पुढे गुजरातेत उतरले. १० जानेवारी १७७५ रोजी धारला बाजीराव जन्मले. गंगाबाईंच्या मुलाहून जवळजवळ नऊ महिन्यांनी लहान, आणि नात्याने त्याचा काका. मार्चमध्ये रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला, साष्टी-वसई द्यायचे कबूल केले, आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. अडासची लढाई, वडगाव, गुजरात, कोकण. सालबाईचा तह १७ मे १७८२ चा, म्हणजे जवळजवळ सव्वासात वर्षे. ह्या युद्धाचे खरे कारण मुंबईकर इंग्रजांचा लोभ होता, हे खरेच. पण त्याला जे निमित्त होते ते असे: एका वाड्यातल्या दोन स्त्रियांना नऊ महिन्यांच्या अंतराने दोन मुलगे झाले.

पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जायचे ही आपली रीत. दोघींपैकी कोणाला ते मिळाले? एक पुरंदरावर, एक धारला. बाळंतिणीची खोली, शेगडी, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा, बाराव्याचे नाव. ओव्यांनी आणि अंगाईगीतांनी ज्या दिवसांना मराठी बाईचे हक्काचे दिवस मानले त्या दिवसांत ह्या दोघींच्या खोलीबाहेर सैन्याचे हलकारे उभे होते. एकीचे मूल जगले तर दुसरीच्या मुलाला गादी नाही. शुक्राचार्यांच्या मुलीला हे गणित सांगावे लागले नसते. शर्मिष्ठेने निदान एक खोटे बोलून काही वर्षे मिळवली. दोघी आया हसू शकल्या. पुरंदर आणि धार ह्यांच्यामध्ये ती सोयही नव्हती.

गंगाबाई फार जगल्या नाहीत. १७७७ मध्ये, मुलगा तीन वर्षांचा असताना, त्या वारल्या. सवाई माधवराव नाना फडणिसांच्या देखरेखीखाली वाढले.

आता कोपरगाव. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहातच रघुनाथरावांनी गोदावरीकाठी कोपरगावी नेमणूक घेऊन राहावे असे कलम होते. त्यांनी ते धुडकावले. सहा वर्षे आणखी माणसे मेल्यावर सालबाईच्या तहाने त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि ते राहायला आले ते कोपरगावलाच. इतिहासात असे विनोद पुष्कळ असतात, आणि ते करायला खर्च फार येतो. १७८३ मध्ये ते इथे आले तेव्हा सोबत आनंदीबाई, अमृतराव आणि आठ वर्षांचे बाजीराव होते. वर्ष सरायच्या आत दादा गेले, वय एकोणपन्नास. त्याच वर्षी पार्वतीबाईही गेल्या होत्या.

दादा वारले तेव्हा आनंदीबाई गरोदर होत्या. ३० मार्च १७८४ रोजी कोपरगावला त्यांना मुलगा झाला, चिमाजीअप्पा. आम्ही ही तारीख प्रथम गंगाबाईंच्या तारखेशेजारी मांडली तेव्हा थोडा वेळ पुढे वाचवले नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा, पहाऱ्यातली बाळंतीण, मुलाकडे राजकारणाच्या नजरेने पाहणारे मुत्सद्दी, आणि तेही तेच, नाना फडणीस. दहा वर्षांपूर्वी त्यांनी ज्या डोळ्यांनी एका गर्भाची राखण केली, त्याच डोळ्यांनी आता दुसऱ्यावर नजर ठेवली. अकरा वर्षांपूर्वी शनिवारवाड्यात गंगाबाईंवर जे आले ते गोदावरीकाठी आनंदीबाईंवर आले. लोकांच्या न्यायबुद्धीला ह्यात कर्माचे फळ दिसेल. आम्हांला त्यात एक व्यवस्था दिसते: जिच्या पोटी वारस असू शकतो ती बाई मोकळी सोडायची नाही, मग ती कोणत्याही पक्षाची असो.

आनंदीबाई कोपरगावात नऊ-दहा वर्षे राहिल्या. १७९३ मध्ये त्यांना नाशिकजवळच्या आनंदवल्लीस हलवले आणि मार्च १७९४ मध्ये त्या वारल्या. मुलांना मग जुन्नरला शिवनेरीवर ठेवले. शुक्राचार्यांच्या देवळाकडून वाहत येणारे पाणी त्यांनी इतकी वर्षे पाहिले असणार. कचदेवयानीची कथा कीर्तनात ऐकली असणार. त्या ऐकताना त्यांचे लक्ष कोणाकडे जात असेल, विहिरीत पडलेलीकडे की ढकलणारीकडे, ह्यावर एखाद्या कथाकाराने जरूर लिहावे. आम्हा मास्तरांचे ते काम नव्हे.

पुढची पिढी मात्र ह्या दोघींच्या कथेला अनपेक्षित वळण देते. शिवनेरीवरचे बाजीराव आणि शनिवारवाड्यातले सवाई माधवराव, दोघेही विशीतले, दोघांचेही बालपण पहाऱ्यात गेलेले. सवाई माधवरावांना आपल्या ह्या न पाहिलेल्या काकाबद्दल ओढ वाटू लागली. बाजीरावांनी गुप्तपणे संधान बांधले, निरोप गेले, आले. डफने ही हकीकत बऱ्यापैकी तपशिलाने दिली आहे. आपण दोघेही बंदिवान आहोत, मी इथे आणि तुम्ही तिथे, अशा भावाचा तो पत्रव्यवहार. ज्यांच्या आयांच्या नावाने सात वर्षे युद्ध झाले त्या दोन मुलांना एकमेकांखेरीज मित्र दिसत नव्हता. नानांना हे कळले, निरोप्या कैदेत गेला, पेशव्याला बोल लावले गेले. दसऱ्यानंतर, २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, सवाई माधवराव वाड्यात वरून खाली पडले आणि २७ तारखेला वारले. उडी की तोल, ज्वर की विषाद, ह्यावर वाद आहे. खाडिलकरांनी त्यावरही नाटक लिहिले. मरताना आपल्यामागे बाजीरावांना बसवावे अशी इच्छा त्यांनी सांगितली, असे डफ म्हणतो. गंगाबाईंच्या मुलाने आनंदीबाईंच्या मुलाचे नाव घेतले.

नाना फडणिसांना ते चालणारे नव्हते. बाजीराव नकोत, तर दुसरा कोण? मग १७९६ च्या उन्हाळ्यात नाना आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या राजकारणातून एक तोडगा निघाला. सवाई माधवरावांची विधवा यशोदाबाई. तिच्या मांडीवर चिमाजीअप्पांना दत्तक द्यावे. बारा वर्षांचा मुलगा, नात्याने तिच्या नवऱ्याचा चुलत काका, तिचा मुलगा झाला आणि पेशवा झाला. कोपरगावात आनंदीबाईंच्या पोटी जन्मलेला हा मुलगा दत्तविधानाने गंगाबाईंचा नातू ठरला. आनंदीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती, गंगाबाईंना एकोणीस.

डिसेंबरमध्ये पारडे फिरले. बाजीराव पेशवे झाले, दत्तविधान शास्त्राला धरून नाही असे ठरले, आणि चिमाजीअप्पा पुन्हा आनंदीबाईंचे मुलगे झाले.